एका दिव्याच्या उजेडात

गणेशचतुर्थीची रात्र सरली की दुसऱ्या दिवशी घराघरांतून फोटो पाठवले जातात. काही वाक्वाहून येतात, काही कास्कावेलहून, काही पार सुरिनामहून. घरे वेगळी, माणसे वेगळी, पण फोटो मात्र एकाच साच्यातले! चेहऱ्याला पीठ फासल्यासारखा पांढरेपणा, डोळ्यांत लाल ठिपके आणि माणसाच्या पाठीमागे काळाकुट्ट पडदा. ओसरीतला मंद दिवा, अंगणातल्या पताका, झाकरीचा फेर, यांतले काहीच दिसत नाही. ज्या रात्रीची आठवण राहावी म्हणून फोटो काढला, ती रात्रच फोटोतून पुसली गेलेली असते.

वाचक बंधुभगिनींनो, यावर महागडा कॅमेरा हा उपाय नव्हे. रात्री उघड्यावर माणसाचा फोटो काढायला एक दिवा पुरतो. मात्र तो कॅमेऱ्यावर नको, माणसाच्या बाजूला हवा; दूर नको, जवळ हवा; आणि उघडा नको, कशाच्या तरी आड हवा. एवढे साधले तर कोपऱ्यावरच्या बुतिकमधून आणलेली साधी विजेरी, म्हणजे टॉर्च, स्टुडिओचे बरेचसे काम करते. हे कसे घडते ते थोडे सविस्तर पाहू.

मोबाइलचा काय किंवा छोट्या कॅमेऱ्याचा काय, फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असतो. त्यामुळे तो सरळ समोरून चेहऱ्यावर आदळतो. डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांवरून तोच उजेड परत भिंगात येतो, म्हणून बाहुल्या लाल दिसतात. शिवाय प्रकाशाचा एक नियम आहे, जो शाळेत सर्वांनी घोकलेला असतो आणि परीक्षेनंतर विसरलेला असतो. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्सा उरतो. तिप्पट झाले की नववा. समजा, आजी फ्लॅशपासून एक मीटरवर बसली आहे आणि मखर तीन मीटरवर आहे. आजीवर जेवढा उजेड पडला, त्याचा नववा भाग मखरावर पोहोचणार. कॅमेरा आजीचा चेहरा सांभाळतो आणि मखर अंधारात बुडते. दोष कोणाचाच नाही, उजेडाची जागा चुकली आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चेहऱ्याचा आकार आपल्याला कळतो तो सावल्यांमुळे. नाकाची बाजू, गालाचे हाड, कपाळावरच्या रेषा, हे सारे सावलीने लिहिलेले असते. समोरून आलेला उजेड ती सावली खोडून टाकतो आणि चेहरा कागदी मुखवट्यासारखा सपाट होतो.

आम्ही वर्गात मुलांना हे समजावायला नारळ वापरतो. तुम्हीही घरी करून पाहावे. दिवे मालवून टेबलावर नारळ ठेवा, त्याचे तीन डोळे आपल्याकडे करून. टॉर्च स्वतःच्या नाकासमोर धरून त्यावर झोत टाका. एक तपकिरी गोळा दिसेल. आता टॉर्च हळूहळू एका बाजूला न्या. शेंडीचा प्रत्येक धागा वेगळा होऊ लागतो, डोळे खोल जातात, गोलाई भरते. समोरची रेषा आणि काटकोन यांच्या साधारण मध्यावर, नारळापेक्षा थोड्या वरच्या उंचीवर टॉर्च आला की नारळ अगदी जिवंत दिसतो. माणसाच्या चेहऱ्यालाही हीच जागा बरी. नाकाची सावली ओठांच्या कोपऱ्याकडे झुकते आणि अंधाऱ्या बाजूच्या गालावर उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या चित्रांत तो वारंवार दिसतो, म्हणून जगभरचे छायाचित्रकार या मांडणीला त्याचेच नाव देतात. टॉर्च हनुवटीखाली धरला तर काय होते, हे मुलांना सांगावे लागत नाही. भुताच्या गोष्टी सांगताना ती तेच करतात!

आता आडोशाविषयी. टॉर्चचा दिवा बोराएवढा असतो आणि लहान दिव्याची सावली सुरीने कापल्यासारखी कडक पडते. उजेडाचे उगमस्थान चेहऱ्याच्या मानाने जेवढे मोठे, तेवढी सावली मऊ. म्हणून टॉर्चपुढे एखादे पांढरे धोतर किंवा पातळ चादर दोघांनी ताणून धरावी आणि झोत तिच्यातून येऊ द्यावा. मग टॉर्च उजेड देत नाही, चादर देते. ती चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असली तर उत्तम. चौकटीत शिरणार नाही एवढी काळजी घ्यावी. चादर धरायला कोणी नसेल तर आणखी सोपी युक्ती आहे. आपल्याकडे कित्येक घरांची कुंपणाची भिंत पांढरी असते. माणसाला भिंतीशेजारी बसवावे आणि टॉर्चचा झोत माणसावर न टाकता भिंतीवर टाकावा. भिंतीवरून परतलेला उजेड दिवसा वारांगमध्ये येतो तसा शांत असतो. भिंत निळी किंवा गुलाबी असेल तर मात्र चेहराही त्या रंगाचा होईल!

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, आपल्या किती घरांत वडीलधाऱ्यांचा धड असा एक फोटो आहे, ते मोजून पाहावे. आमच्या घरच्या भिंतीवर आजीचा जो हार घातलेला फोटो आहे, तो तिच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला आहे. तिने उभ्या आयुष्यात स्वतःच्या मर्जीने फोटो काढून घेतला नाही. सरकारी कामाला लागतो म्हणून काढला, ताठ मानेने, भिंतीला पाठ लावून. ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नसावी. या बेटावरच्या आपल्या लोकांचा आणि कॅमेऱ्याचा संबंधच मुळी तसा जुळला. १८६७ च्या मजूर कायद्याने करार संपलेल्या प्रत्येक भारतीय मजुराला स्वतःचा फोटो लावलेले ओळखपत्र जवळ बाळगण्याची सक्ती केली. ते नसले तर पकडले जाण्याची भीती. मोका येथील महात्मा गांधी संस्थानात त्या काळचे दप्तर आणि हजारो चेहरे जतन केलेले आहेत. कलकत्ता आणि मद्रासहून आलेल्यांच्या बरोबरीने मुंबई बंदरातून आलेली आपली माणसेही त्या दप्तरात आहेत. ते फोटो पाहताना ऊर भरून येतो, कारण पुष्कळ कुटुंबांपाशी पूर्वजांचा दुसरा कोणताच चेहरा नाही. पण तो फोटो काढणाऱ्याला माणूस ओळखायचा होता, त्याला पाहायचे नव्हते.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तेव्हा घरच्या म्हाताऱ्या माणसाचा, त्याच्या स्वतःच्या अंगणात, त्याला आवडेल असा एक फोटो काढणे काही अवघड नाही. आणि रात्रीच का? कारण आपली सारी कुटुंबे एकत्र येतात ती रात्री. गणपतीची रात्र, दिवाळी, लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद, भजनाची बैठक. दिवसा कोण कामावर असतो, कोण शेतात असतो, कोण बसमध्ये असतो.

आपल्या रंगाविषयीही दोन शब्द लिहायलाच हवेत. आपण सावळी माणसे. कॅमेऱ्याचा मीटर मात्र समोरचे सगळे दृश्य मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरून चालतो. रात्री चौकटीचा बराचसा भाग काळोखाचा असतो, म्हणून त्याला वाटते की उजेड कमी पडतो आहे. तो सगळेच चित्र उजळतो आणि चेहऱ्याचा सावळा रंग धुऊन निघतो. यावर उपाय सोपा आहे. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे. बहुतेक मोबाइलांत सूर्याचे छोटे चिन्ह किंवा एक पट्टी दिसते. ती थोडी खाली ओढावी. मोठ्या कॅमेऱ्यात अधिक-उणेचे बटण असते, तिथे उणे एक करावे. पडद्यावर चित्र जरा अंधारे वाटेल, पण कातडीचा रंग खरा येईल. चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारी सोय मोबाइलमध्ये चालू असेल, तर ती आधी बंद करावी. पूर्वी हाच त्रास वेगळ्या रूपात होता. रंगीत फोटो छापताना रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना जे नमुना-कार्ड देई, त्यावर कित्येक दशके एका गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. छायाचित्रकारांच्या बोलीत त्या कार्डाला ‘शर्ली’ म्हणत. निरनिराळ्या वर्णांचे चेहरे असलेली कार्डे १९९० च्या दशकात आली. तोपर्यंत जगातल्या सावळ्या माणसांचे फोटो गोरीच्या मापाने छापले गेले. आजचे यंत्र पुष्कळ सुधारले आहे. तरी आजीचा रंग कोणता, हे यंत्रापेक्षा नातवाला जास्त माहीत असते.

टॉर्च नको, दिव्याच्याच उजेडात फोटो हवा, असेही पुष्कळांना वाटते, आणि ते बरोबरच आहे. चतुर्थीला चंद्राकडे पाहू नये म्हणतात. फोटोच्या कामी तर तो पौर्णिमेलाही फारसा येत नाही. भर पौर्णिमेचे चांदणे जेमतेम पाव लक्स भरते. एका मेणबत्तीचा, आपल्या क्रेओलमधल्या लाबूजीचा, उजेड एक मीटरवर साधारण एक लक्स असतो. पण तीच मेणबत्ती चेहऱ्यापासून तीस सेंटिमीटरवर आणली की तो अकरा लक्स होतो. जवळ आणण्याचा महिमा हा असा. मोठ्या कॅमेऱ्यात भिंगाचे छिद्र एफ २, संवेदनशीलता १६०० आणि वेळ १/१५ सेकंद ठेवली तर एवढ्यात फोटो निघतो. आरतीच्या तबकात पाच निरांजने असतील तर तबक हातात किंवा छातीच्या उंचीच्या चौरंगावर ठेवावे. उजेड पाचपट होतो, आणि १/६० सेकंदापर्यंतही जाता येते. दिवा जमिनीवर ठेवला की भुताचा खेळ सुरू होतो, हे विसरू नये. नायलॉनची साडी आणि ओढणी यांच्यापासून ज्योत लांब ठेवावी. ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडे आग्नेयेचा वारा थांबता थांबत नाही. तेव्हा घराच्या वाऱ्याआडच्या बाजूला बसावे.

दिव्याच्या उजेडातला चेहरा कसा दिसावा, याचा एक धडा आपल्याच मुलुखातल्या चित्रकाराने घालून दिला आहे. ज्या कोकणपट्टीतून आपले अनेक पूर्वज जहाजावर चढले, तिथल्याच सावंतवाडीला १८८२ साली सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म झाला. त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे एक जलरंगातले चित्र रंगवले. त्यांची मुलगीच त्यासाठी उभी राहिली होती. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात, पण ते हळदणकरांचे. त्या स्त्रीने एका हातात दिवा धरला आहे आणि दुसऱ्या हाताने ज्योत झाकली आहे. ज्योतीचा उजेड बोटांतून लालसर पाझरतो आहे आणि चेहऱ्यावर पडला आहे. पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर मात्र झगझगीत ज्योत येत नाही. फोटोतही नेमके हेच करायचे. ज्योत उघडी दिसली तर कॅमेरा तिच्यावर भाळतो आणि चेहरा काळा पडतो. हात, तांब्याची कड, फुलांची परडी, कशाचाही आडोसा चालेल. चादरीने टॉर्च झाकणे आणि तळव्याने ज्योत झाकणे यांत फरक एवढाच की तळवा चित्रातही शोभतो.

पाठीमागची रात्र जपायची असेल तर आणखी एक गोष्ट आपल्या हातात आहे, ती म्हणजे वेळ. पूर्ण काळोख होईपर्यंत थांबू नये. सूर्य मावळल्यावर दहाव्या मिनिटापासून पंचविसाव्या मिनिटापर्यंत आकाश गडद निळे असते आणि दिव्यांच्या तोडीस तोड उजळही असते. तेव्हा चेहऱ्यावर दिवा आणि मागे निळे आकाश, फिलाओच्या काळ्या आकृती किंवा उसाचा तुरा, असे दोन्ही मिळते. युरोपातील पुस्तके वाचून कोणी निवांत राहील तर फसेल. लंडनला जूनमध्ये हा संधिप्रकाश सुमारे पाऊण तास रेंगाळतो. आपले बेट विसाव्या अक्षांशावर. इथे सूर्य क्षितिजावरून जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि पंचवीस मिनिटांच्या आत सारे आटोपते. गणपतीच्या सुमारास सूर्य सहाच्या आगेमागे मावळतो. तेव्हा साडेपाचलाच खुर्ची मांडलेली, चादर बांधलेली आणि आजीने साडी बदललेली असावी. शेवटची तयारीच सर्वांत जास्त वेळ खाते.

दिव्यांच्या रंगाकडेही लक्ष द्यावे. स्वस्त एलईडी टॉर्चचा उजेड निळसर, घरातल्या पिवळ्या बल्बचा सोनेरी, आणि जुन्या रस्त्यावरच्या सोडियम दिव्याचा तर केशरी. डोळा हे भेद माफ करतो, कॅमेरा करत नाही. अर्धा चेहरा निळा आणि अर्धा नारिंगी आला तर माणूस आजारी दिसतो. टॉर्चवर पिवळ्या जिलेटिन कागदाचा तुकडा रबराने बसवला की त्याचा उजेड घरातल्या दिव्याशी जुळतो. मिठाईच्या वेष्टनाचा कागदही चालतो.

कमी उजेडात कॅमेरा हलला की सगळे मुसळ केरात. तिकाटणे नसेल तर एक किलो तांदळाची पिशवी भिंतीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर ठेवावी आणि तिच्यात मोबाइल रोवावा; तांदूळ त्याच्याभोवती बसतात आणि तो हलत नाही. बटण दाबतानाचा धक्काही टाळावा, त्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा. मोबाइलची रात्रीची सोय एकामागून एक अनेक चित्रे टिपते आणि त्यांचे एक चित्र करते. त्याला एक ते तीन सेकंद लागतात. तेवढा वेळ बसलेल्या माणसाने हलता कामा नये. “श्वास सोडा आणि तसेच राहा,” एवढेच सांगावे. “हसा” म्हणू नये. तीन सेकंद टिकवलेले हसू हे हसू राहत नाही.

आता त्या बसलेल्या माणसाविषयी. आजीआजोबांना उभे करू नये. त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर, नेहमीच्या बाजूला बसवावे. त्यांच्या हातांना काम द्यावे: हार गुंफणे, वाती वळणे, झांज पुसणे. हात गुंतले की चेहरा मोकळा होतो. उजेड जुळवण्याचे काम त्यांच्यावर करू नये. चेहरा जिथे येणार तिथे आधी आपला तळहात धरून सावली कुठे पडते ते पाहावे आणि सर्व ठरले की मगच त्यांना बोलवावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना झगझगीत उजेडाचा त्रास होऊ शकतो. तेव्हा झोत थेट डोळ्यांवर कधीच नको. चष्म्यात दिव्याचे प्रतिबिंब दिसत असेल तर दिवा आणखी वर न्यावा, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलाव्यात. डोळ्याच्या बुबुळात मात्र उजेडाचा एक बारीक ठिपका हवाच. तो नसेल तर नजर विझलेली दिसते. दिवा थोडा पुढे आणला की ठिपका येतो.

सुरकुत्या झाकाव्यात की दाखवाव्यात? बाजूचा उजेड त्या दाखवतो, चादरीचा उजेड त्या सौम्य करतो. आमचे मत विचाराल तर दाखवाव्यात. पण फोटो ज्याचा आहे त्याला विचारावे, आणि त्याने “नको” म्हटले तर तो फोटो पुसावा, त्याच्या देखत.

काढलेला फोटो मोबाइलमध्येच ठेवू नये. मोबाइल हरवतो, पाण्यात पडतो, बदलला जातो. वर्षातून निदान एक फोटो कागदावर छापून घ्यावा. आपल्या दमट हवेत फोटोंना बुरशी लवकर धरते आणि प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांना ते चिकटून बसतात. त्यापेक्षा कागदी पाकिटात, पत्र्याच्या डब्यात, चक्रीवादळात ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावेत. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहावे. बॉलपेनची खूण पुढे उमटते आणि शाई दुसऱ्या फोटोला लागते. आणि लिहिताना नुसते ‘आजी’ लिहू नये. तिचे पूर्ण नाव, माहेरचे आडनाव, गाव, तारीख, आणि ती कोणाकोणाची आजी, तेही लिहावे.